पाय उचलायचा नाही

औषधाच्या दुकानाचं शटर मी तोडलं, हे खरं आहे. ते मी कधी नाकारलेलं नाही. सकाळी साडेआठची वेळ, दुकान बंद, फुटपाथवर चिटपाखरू नाही, मागच्या सीटवर माझी नात दप्तर मांडीवर घेऊन बसलेली, आणि डाव्या गल्लीतून एक पाववाला आपली गाडी उलटी घेत, मागे न बघता थेट माझ्यासमोर. अशा वेळी माणूस काय करतो? ब्रेक दाबतो. मी गॅस दाबला. नुसता दाबला नाही, चांगला तळाला टेकवला, आणि स्टिअरिंग उजवीकडे मारलं. गाडी पाववाल्याला चुकवून, रस्ता ओलांडून, फुटपाथ चढून शटरमध्ये घुसली. नातीचा ओठ पुढच्या सीटवर आपटून फुटला. पाववाला उतरून आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "आजी, ब्रेक मधला असतो." मधला! त्याच्या जन्माआधीपासून मी इंजिनं उघडतेय. चांगलं सणसणीत उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण काही बाहेर आलं नाही, कारण माझा पाय अजून गॅसवरच होता, इंजिन बंद पडलं होतं तरीही, आणि तो तिथून उचलायचा कसा हे मला कळत नव्हतं. हे शेवटचं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

नातीच्या ओठाला एक टाका पडला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझ्या मुलीने माझ्यापुढे हात पसरला आणि मी गाडीची चावी तिच्या तळहातावर ठेवली. माझी मुलगी उंच इमारतींच्या लिफ्ट तपासते. दोर, पुली, ब्रेक, एकेक बोल्ट बघते आणि मग सही करते. तिच्या सहीशिवाय लिफ्ट चालत नाही. घरीही तिची तीच तऱ्हा आहे. मी भाजी केली तरी ती आधी बघते आणि मग खाते. पुढच्या आठवड्यात तिने मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, मऊ आवाजाचे, सारखे "छान, छान" म्हणणारे. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. मी गेले, दोनपर्यंत गेले, पुढे जायला जागा नव्हती म्हणून थांबले. घड्याळ काढा म्हणाले, अकरा वाजून दहा मिनिटं. मी घड्याळ काढलं, आणि शेजारी तेलाच्या दाबाचा काटाही काढून दिला, फुकट. "तुम्हाला कधी गोंधळल्यासारखं होतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आत्ता होतंय, की मी इथे काय करतेय." मुलीने मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांनी पुन्हा बघू, आणि एका मंगळवारची तारीख दिली. त्या दिवसापासून नात माझ्या वर्कशॉपमध्ये एकटी आली नाही. तिचा अभ्यास असतो, खेळ असतो, मैत्रिणीचा वाढदिवस असतो. आठ वर्षांच्या पोरीला इतक्या मैत्रिणी कुठून आल्या हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

आणि मी सांगितलं नाही असंही नाही. सांगितलं, घसा फोडून सांगितलं. म्हटलं, अगं, ही बोटीची सवय आहे. बावीस वर्षं मी शर्यतीत जेट बोट चालवली. तिला मागे पाण्यात फिरणारं पातं नसतं, सुकाणू नसतं. पोटातला पंप खालून पाणी ओढतो आणि मागून झोत फेकतो. तो झोत जिकडे वळवाल तिकडे बोट वळते. झोतच नसेल तर वळवणार काय? गॅसवरचा पाय उचलला की चाक हातात नुसतं फिरतं आणि बोट आपली सरळ जाते, समोर जे असेल त्याच्यावर. म्हणून समोर दगड आला तर पाय उचलायचा नाही. दाबायचा, आणि वळायचं. नवशिक्यांचा पाय उचलला जातो, कारण भ्यायलेल्या माणसाचा पाय उचलला जाणारच. मला ती खोड मोडायला दोन वर्षं लागली. एकदा मोडली ती मोडली. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तपासणीच्या वेळी ऐकते तसं, आणि म्हणाली, "आई, ती बोट अकरा वर्षं पाण्यात गेलेली नाही. अकरा वर्षं तू रोज गाडी चालवतेस. मग सवय आत्ताच कशी आठवली?" यावर मी ओरडले, तिला म्हटलं तुझ्या लिफ्टला विचार, आणि दार आपटून आतल्या खोलीत गेले. पण खोलीत जाऊन पलंगावर बसले तेव्हा तोच प्रश्न माझ्या आधी तिथे येऊन बसला होता. आत्ताच का? पायाला आठवलं, की डोकं विसरलं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आणि खरं सांगायचं तर आतूनही.

बोटीचं काम त्याआधी वर्षभर चाललेलं होतं. शेवटच्या शर्यतीत तिचं पोट एका बुडालेल्या खडकाने हातभर फाडलं होतं. माझ्या शेजारी माझा नवरा बसलेला. तो शाळेत भूगोल शिकवायचा, त्याला पोहता येत नव्हतं, आणि शर्यतीत तो माझा वाटाड्या होता. पुढचं पाणी वाचायचं त्याने, चालवायचं मी. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो उजव्या हाताने माझ्या डाव्या खांद्यावर टकटक करायचा. एक टक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. आणि खरोखरचं संकट आलं की सबंध तळवा खांद्यावर ठेवायचा आणि ओरडायचा, "दाब!" बावीस वर्षांत या माणसाने मला एकदाही "सोड" म्हटलं नाही, ना पाण्यावर, ना घरी. त्या खडकाच्या वेळी त्याची एक बरगडी पिचली आणि तो काठावर बसून इतका हसला की दुखून रडायला लागला. पुढे त्याचा आजार निघाला, ताडपत्री बोटीवर पडली ती पडलीच. तो गेल्यावर तर मी त्या शेडकडे पाठ करूनच लेथवर उभी राहायचे. मग एक दिवस, काही कारण नाही, दुपारी पाना शोधायला शेडमध्ये गेले आणि ताडपत्री ओढली. त्याच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. पिल्लं होती, गुलाबी. मला इतका राग आला, उंदरांचा नव्हे, माझाच, की त्याच दुपारी मी वेल्डरला फोन लावला.

वेल्डर म्हणजे ठिणगी. अडुसष्ट वर्षांचा आहे, कानाने अर्धा बहिरा, पण टाका असा घालतो की हाताचं बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. मला वहिनी म्हणतो. फाटका तळ त्याने कापून काढला आणि नवीन पत्रा घातला. इंजिन मी खोललं. आठही सिलिंडर बोअर केले, क्रँक घासून घेतला, पंपाचं खाल्लेलं कडं बदललं. पंपाचा पंखा आणि ते कडं यांच्यात कागदाइतकीच फट लागते. कमी झाली तर घासतो, जास्त झाली तर पंप हवा पितो आणि बोट जागच्या जागी बोंबलते. ती फट आणायला मला तीन आठवडे लागले. आणि माझ्या बापाने लावलेली सवय: बोल्ट टॉर्कच्या पान्याने जोर मोजून कसला की लगेच त्याच्यावर पिवळ्या रंगाची रेघ. डोक्यावरून पत्र्यापर्यंत, सरळ. बोल्ट हलला तर रेघ तुटते. रेघ नसलेला बोल्ट म्हणजे न कसलेला बोल्ट, मग तो कितीही घट्ट वाटो. शटर तोडल्यानंतर मुलगी म्हणाली, आता तरी हे थांबव. मी थांबवलं नाही. उलट दुप्पट केलं. कारण मी माझ्याशी एक ठरवून टाकलं होतं, आणि ते मी ठिणगीलाही सांगितलं नव्हतं. बोट पाण्यात घालायची, मी चालवायची, आणि कधीतरी समोर काहीतरी येईल तेव्हा बघायचं, पाय काय करतो. दाबला, तर डोकं माझं आहे. उचलला गेला, तर बोटीतल्या बाईचं पाण्यावर चुकलं आणि गाडीतल्या बाईचं रस्त्यावर चुकलं, म्हणजे दोघींनाही काही कळेनासं झालंय. मग बोट विकायची, मंगळवारी डॉक्टरसमोर मुकाट बसायचं, आणि मुलगी ठेवेल त्या खोलीत राहायचं. सौदा पक्का. तारीख मी मुद्दाम मंगळवारच्या आधीच्या रविवारची धरली.

रविवारी सकाळी सातला शेडचं दार उघडलं, इंजिनावरचं झाकण काढलं, शेवटचा एकदा हात फिरवावा म्हणून बॅटरी मारली, आणि हात तिथेच थांबला. माझ्या प्रत्येक पिवळ्या रेघेशेजारी एक बारीक पांढरी रेघ होती. हेडवर, पंपावर, इंजिनाच्या पायांवर, सगळीकडे. कुणीतरी माझ्यामागून येऊन माझा एकेक बोल्ट तपासला होता आणि तपासला म्हणून खूण करून ठेवली होती. मस्तकात तिडीक गेली. ठिणगी ट्रेलरची कडी लावत होता. त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन मी म्हटलं, "तुझी हिंमत कशी झाली? चाळीस वर्षं माझ्या हातच्या बोल्टवर भरवसा ठेवलास आणि आता? आता मी म्हातारी झाले काय?" तो माझ्याकडे बघत राहिला, मग बोटीकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. "वहिनी," तो म्हणाला, "निघूया का? ऊन चढेल." म्हणजे कबूलच की. मी ठिणगीच्या ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसले आणि नदीपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. खिडकीतून नवीन इमारती मागे जात होत्या, काचेच्या, एकासारखी एक, आणि मला वाटत होतं की त्या प्रत्येकीच्या आत माझी मुलगी वर-खाली जातेय, कान लावून. किती सैल निघाले असतील? हा प्रश्न जिभेवर होता. मी गिळला. एक जरी निघाला असेल तर तो मला ऐकायचा नव्हता, आणि एकही नसेल तर ठिणगीने स्वतःहून सांगायला हवं होतं. त्याचं गप्प बसणं मला आवडलं नाही.

बोटी उतरवायच्या उतारावर ती आधीच येऊन उभी होती. माझी मुलगी. ऑफिसचे जाड तळाचे बूट, केस घट्ट बांधलेले, आणि हातात हेल्मेट. मी ते हेल्मेट ओळखलं. तिच्या बापाचं. "तू अडवायला आली असशील तर घरी जा," मी म्हटलं. "अडवत नाही," ती म्हणाली, "बसायला आलेय." "कुठे?" "बाबांच्या जागी." ठिणगीने ऐकू न आल्याचं नाटक केलं. मी म्हटलं, "अगं, तुझ्या बापाने तुला लहानपणी एकदाही हिच्यात बसू दिलं नाही." "बाबा नाहीत आता," ती म्हणाली, "आणि तू एकटी जाणार नाहीस. एवढंच." तिच्या आवाजात ते होतं, सहीच्या वेळचं. मला भांडायचं होतं, पण उजाडल्यापासूनचा सगळा राग ठिणगीवर खर्च झाला होता. "बस," मी म्हटलं, "पण तोंड बंद ठेवायचं. आणि पट्टे मी बांधीन." पट्टे बांधताना माझ्या लक्षात आलं की तिचे हात थंडगार आहेत. तिला भीती वाटत होती. मला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची लाजही वाटली, पण थोडीच.

इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. काय सांगू! अकरा वर्षांनी तो आवाज पाठीच्या मणक्यातून वर चढला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मोठ्याने शिवी दिली, आनंदाने. तेलाचा दाब जागेवर, पाण्याचं तापमान जागेवर. काठाकाठाने हळू नेली, पंपाकडे कान लावला. घासत नव्हता. कागदाइतकी फट, तीन आठवड्यांची, आपलं काम बिनबोभाट करत होती. मग नदीच्या मध्यावर आणून मी पाय खाली नेला. बोट आधी नाक वर करते, क्षणभर समोर फक्त आकाश दिसतं, आणि मग एकदम पाण्यावर सपाट बसते आणि सुटते. पोट मागे राहतं. दोन्ही काठ पुसट होतात. ठिणगीचा नवा पत्रा पायाखाली थडथडत होता, प्रत्येक लहान लाट तळव्याला मोजता येत होती, आणि मी, काय सांगू, मी परत आले होते, सबंधच्या सबंध, गुडघ्यांसकट. शेजारी मुलगी दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. तिच्या बापाचा हात कसा सैल असायचा, सदैव माझ्या खांद्याजवळ तयार. हिचे दोन्ही हात सीटचे झाले होते.

वरच्या अंगाला एका पडक्या पुलाचा एकच खांब नदीत उरलाय. मी माझी परीक्षा तिथे घ्यायचं ठरवलं होतं. सरळ खांबावर जायचं, शेवटच्या क्षणाला वळायचं, पाय काय करतो बघायचं. गेले. पायाने गॅस दाबला, बोट अंग टाकून वळली, खांब शेजारून निघून गेला. काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा गेले, अजून जवळून. पुन्हा तेच. आणि तेव्हा मला कळलं की मी किती मूर्ख आहे. मला माहीत होतं खांब येणार आहे! मीच तर त्याच्यावर जात होते. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, तसं स्वतःला दचकवताही येत नाही. पाववाल्याने मला आधी फोन करून सांगितलं असतं, तर मीही ब्रेकच दाबला असता. दीड वर्ष राबले, सगळ्यांशी वैर घेतलं, आणि परीक्षेचा पेपर मीच काढून मीच सोडवत बसले होते. छान, छान. मी बोट वळवली आणि घरच्या दिशेला लावली. प्रवाह आता मागून ढकलत होता, सूर्य समोर, पाण्यावर नुसती चकचक. मंगळवार डोळ्यांसमोर आला. डॉक्टरांचा मऊ आवाज, कोरा कागद, अकरा वाजून दहा मिनिटं. मी विचार करत होते की यावेळी घड्याळच काढायचं, वर काही नाही, तोऱ्यात काही करायचं नाही, आणि तेवढ्यात चकचकीच्या मधोमध काहीतरी काळं वर आलं.

ओंडका होता. सबंध झाडाचं खोड, पाण्याखालून लोळत वर आलेलं, माझ्या नाकासमोर, आडवं. "सोड!" मुलगी किंचाळली. "आई, सोड, सोड, सोड!" तिचा एक हात सीटवरून सुटून माझ्या गुडघ्यावर आला, पाय उचलायला. तिच्या बोटांची पकड मला अजून आठवते. पण पायाने तिला विचारलं नाही. मलाही विचारलं नाही. तो तळाला गेला, हात उजवीकडे गेले, इंजिन ओरडलं, बोटीचं ढुंगण फिरलं, आणि खोडाची एक ओली, साल निघालेली फांदी मुलीच्या बाजूने इतक्या जवळून गेली की तिच्यावर बसलेला पक्षी मी पाहिला. मग मोकळं पाणी. मी आणखी थोडं पुढे नेलं आणि पाय हळूहळू वर घेतला. तो आला. उचल म्हटलं आणि उचलला गेला. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो, हे मला तेव्हा कळलं. चार महिने कुठे टांगलेला होता तेही कळलं. इंजिन खालच्या आवाजात गुरगुरत राहिलं आणि आम्ही प्रवाहाबरोबर सरकत होतो.

"मी सोड म्हणत होते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटका येत होता. "ऐकलं मी." "मग?" "मागे बघ," मी म्हटलं. "सोडलं असतं तर ही सरळ गेली असती. चाक हातात नुसतं फिरलं असतं." तिने हेल्मेट काढलं आणि मागे वळून बराच वेळ त्या खोडाकडे बघितलं. तिचं कामच ते आहे, कुठला भाग कशाने हलतो आणि कशाने अडतो. तिला दोनदा सांगावं लागत नाही. "म्हणजे औषधाच्या दुकानापाशी..." ती म्हणाली. "हो," मी म्हटलं. बस, आता ती म्हणणार. आई, चुकलं माझं. चार महिने मी हे वाक्य तिच्या तोंडी घालून बघत होते, वेगवेगळ्या आवाजांत, लेथवर, आंघोळ करताना. ती म्हणाली, "मग तर तू गाडी कधीच चालवायची नाहीस."

मी इतकी चिडले की चाकावर मूठ आपटली. "डोकं बिघडलं असतं," ती शांतपणे म्हणाली, "तर औषध असतं, चांगले दिवस असते, वाईट दिवस असते. पण तुझा पाय बिघडलेला नाहीये आई. तो बरोबर चालतोय. म्हणजे पुन्हा कुणी आडवं आलं की तो पुन्हा तेच करणार. तेव्हा तिथे बंद शटर नसलं तर?" नदी आम्हाला सावकाश फिरवत होती, आधी एक काठ समोर आला, मग दुसरा. मी जिंकले होते. एवढं सपशेल जिंकले होते की त्यात गाडी गेली होती. आणि मला नातीचा ओठ दिसला, तो काळा दोरा, आणि ती हॉस्पिटलमध्ये मला म्हणाली होती ते, "आजी, तू वेगात छान वळवलीस." मेली माझ्यावरच गेलीय. मुलगी म्हणत होती त्यात चूक काढायला मी सगळं डोकं खर्ची घातलं. डोकं शाबूत होतं, त्यामुळे चूक सापडली नाही. मी डगल्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि दुसरी चावी काढली. "ही घे," मी म्हटलं. "ही तुला माहीत नव्हती." "माहीत होती," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात तू अंगणात गाडी दोन फूट मागे घेतलीस. टायरखालची तेलाची खूण उघडी पडली होती." "मग बोलली का नाहीस?" "तू परत पुढे आणून लावलीस म्हणून."

आता मात्र मी विचारलंच. "आणि त्या पांढऱ्या रेघा? ठिणगीला तू सांगितलंस ना?" "ठिणगीकाकांनी फक्त शेडची चावी दिली. रेघा माझ्या आहेत. दोन रविवार दुपारी, तू झोपलीस की." मला सकाळचे त्याचे बूट आठवले. बिचारा, शिव्या खाऊन गप्प बसला. "सांग मग," मी म्हटलं, "किती सैल?" ती माझ्याकडे बघेना. "खरं सांगू? मला एक तरी सैल सापडायला हवा होता. म्हणूनच तपासले. एक सापडला असता ना, तर बोट बंद करून टाकली असती, तुझ्यासमोर ठेवला असता तो, आणि तुला काही बोलता आलं नसतं. एकशे चौदा बोल्ट. एकही नाही." तिने मांडीवरचं हेल्मेट फिरवलं. "दोन जास्त कसलेले होते. त्या दिवशी तू रागात असणार." मी हसले. इतकी हसले की बरगडीत दुखलं, आणि तीही हसायला लागली, नाक पुसत, लहानपणी हसायची तशी, आवाज न करता. "सापडला नाही म्हणून आज बसले मी," ती म्हणाली. "तपासल्याशिवाय मी कशातच बसत नाही." "मंगळवारी मी जाईन डॉक्टरकडे," मी म्हटलं. "बसने जाईन. घड्याळ काढीन. तेलाचा काटाही काढीन, अजून मोठा. पण या बोटीची चावी माझी. ती मागायची नाही. आणि तुझी पोरगी शनिवारी माझ्याकडे येणार, एकटी, चालत." चावी तिने बुटाच्या कडेला खोचली. "चालत," ती म्हणाली. "बघू" म्हणाली नाही, हे मी लक्षात घेतलं.

उतार दिसायला लागला. तिथे प्रवाह कोपऱ्यावरून जोरात वळतो, आणि काँक्रीटची कड बाहेर आलेली आहे; शेवटच्या क्षणाला दणकून गॅस देऊन ढुंगण फिरवावं लागतं, नाहीतर नाक कडेवर. हजारदा केलेलं काम. ठिणगी पाण्यात गुडघाभर उतरला होता आणि दोन्ही हात खाली-वर करत होता, हळू, हळू. गळ टाकून बसलेली दोन माणसं उठून मागे सरकली. मी बोट कोपऱ्याकडे आणली, आणि अकरा वर्षांत, बावीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. मला माझा पाय दिसला. पेडलवर ठेवलेला, जुन्या बुटातला, एका म्हाताऱ्या बाईचा पाय. आजवर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आज दिवसभर सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते, आणि आता तोही विचार करत होता. दाबू? शटर. काळा दोरा. तिथे बंद शटर नसलं तर? तो वर यायला लागला. मी पाहिलं तो येताना. चाक हातात हलकं झालं, मेलेलं झालं, आणि बोट सरळ कडेकडे निघाली. "सोडा वहिनी!" ठिणगी ओरडला, "सोडा, सोडा!"

माझ्या डाव्या खांद्यावर एक तळवा येऊन पडला. सबंध, सपाट, गरम.

"दाब," माझी मुलगी म्हणाली. "आई, दाब."

मी दाबला.